पाय माझे, नवस तुमचा

आबा, पायांना तेल चोळत बसले आहे आणि अजून तुमच्यावरच चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचं निस्तरणं काही संपत नाही. नवस बोलताना माणसानं स्वतःच्या अंगावर घ्यावं ना? उपास धरावा, चपला सोडाव्यात, हवं ते करावं. तुम्ही काय केलंत, तर लहानग्या पोरीला ताप आला म्हणून वणीच्या देवीला सांगून मोकळे झालात, "मनी पोर बरी कर माय, ती पायी येई तुना गडवर." सुरतेहून वणीचा गड म्हणजे काय लिंबायतचा बाजार आहे, पिशवी घेतली आणि निघाले?

मी तो नवस कधी मनावर घेतला नाही. गोडादऱ्याच्या आपल्या एका खोलीत, कारखान्यातून येऊन तुम्ही स्टोव्हपाशी चहा बशीत ओतत होतात, तेव्हा मी ठणकावून सांगितलं होतं, मी जाणार नाही. बशी तशीच हातात धरून तुम्ही माझ्या पायांकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "नको जाऊ. पन तुनी मायसमोर बोलू नको." मला वाटलं, मी जिंकले. त्या बघण्याचं काही वाटलं नाही तेव्हा.

आणि आता माझ्या पोराचा, तुमच्या नातवाचा उजवा हात सचिन गावच्या मिलमध्ये रोलरमध्ये सापडला. बोटं वाचली, पण हलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, बघू. आईला बघायचं काहीच नव्हतं. "तुना बापना नवस राही गया, म्हनीसन हाई व्हयनं," एवढं बोलून तिनं भाजी चिरायला घेतली. असा संताप आला मला! पण पोराच्या बोटांपुढे कोण वाद घालणार? चैत्रात गल्लीतली मंडळी पायी निघाली, त्यांच्यात मीही निघाले.

मी दिवसभर मांडी घालून साड्यांना टिकल्या चिकटवणारी बाई. बारडोली येईपर्यंतच पाय बोलायला लागले. मागून येणाऱ्या टेम्पोवर भोंगा, त्यावर सकाळपासून तीच तीन गाणी. चहा म्हणजे गरम साखरपाणी. शिवाय नवसाचं लाल निशाण ज्याचं त्यानंच धरायचं आणि टेम्पोत बसलं की नवस बाद, हा नियम. तो तुम्हीच घालून दिलात म्हणे! जो तो मला तुमचं कौतुक ऐकवतो आणि मी दात आवळून चालते.

सापुताऱ्याचा घाट लागतो. डोक्यावर ऊन, गुडघ्यात कळ. टेम्पो शेजारी येऊन हळू होतो आणि वरून एक पोरगी हात पुढे करते, "मासी, बेसी जाओ ने! कोण जोवानुं छे?" बसा म्हणे, बघतंय कोण! मी खरंच निशाण तिच्या हातात देते आणि फळीवर पाय ठेवते. तेवढ्यात मागून आपल्या जुन्या शेजारची काकी, या वयातही काठी टेकत चालणारी, माझा पदर ओढते.

"चढ, मी काय म्हनत नही. पन तो पाय देख जरा. ताप उतरना तवय तुना पायच चालेत नही वं. बाप तुले खांदावर लिसन दवाखाना दवाखाना फिरे."

मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. काकी म्हणाली, कोण सांगणार? पोरीच्या पायांची गोष्ट बाहेर गेली असती तर तुला स्थळ कुठलं आलं असतं? तुझे पाय चालायला लागले आणि तुझ्या बापानं सगळ्यांची तोंडं बंद केली.

म्हणजे तुम्ही माझे पाय देवीला देऊन टाकले नव्हते, आबा. मागितले होते. मग सांगायला काय झालं होतं? लग्न झाल्यावर तरी? एवढी वर्षं मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि तुम्ही खुशाल त्या खात बसलात. याचाही मला रागच येतो. रडूही आलं, पण ते घाटात, चालता चालता. निशाण मी परत घेतलं होतं.

गडावर पोचले. नवस फिटला. देवीला एवढंच म्हणायचं ठरवलं होतं की आता आमचा हिशेब संपला, पोराचा हात बरा कर. हात जोडले आणि तोंडून निघालं, "त्याची बोटं हलू दे माय, तो पायी येईल. निशाण उजव्या हातात धरून येईल."

कोपऱ्यावरून दूध आणायलाही गाडी काढणारा पोरगा तो! हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही तेच बरं, नाहीतर बशी खाली ठेवून हसला असतात. त्याला मी अजून सांगितलेलं नाही.