पापलेट की सुरमई?

५ जानेवारी २०२५, रविवार. संध्या. ७.४०

आज मैदान मारलं. करंजाडेला आमच्या ओळखीतल्या जास्मीनने पुस्तकांचं दुकान काढलंय, ‘दुसरं पान’. वडील कुवेतहून कायमचे परतले, त्यांच्याच गाळ्यात. तिथे आज एका लेखकाची मुलाखत होती आणि मुलाखत घेणारे प्राध्यापक आलेच नाहीत. समोर चौदा माणसं, जास्मीन रडकुंडीला. मी उठलो, माईक घेतला. पुढची चाळीस मिनिटं हा महादेव बोलत होता, बाकीचे ऐकत होते. लेखकसुद्धा.

एकतीस वर्षं एसटी स्टँडवर अनाउन्सर होतो. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ म्हटलं की वडापाव खाणारा माणूस चावणं थांबवायचा. रिटायर होऊन चार वर्षं तो आवाज फक्त दूधवाल्यावर खर्च होतोय.

जास्मीन म्हणाली, "अंकल, तुम्ही होतात म्हणून इज्जत वाचली." पुढेही काहीतरी म्हणाली. यापुढचे सगळे कार्यक्रम तुम्हीच करा, असं असावं. मी हो म्हणालो.

६ जानेवारी, सोमवार

संकल्प: प्रत्येक लेखकाचं पुस्तक आधी वाचायचं. रोज वीस पानं. उद्यापासून.

दाराची बेल खराब झालीय. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने दाबून पाहिली, म्हणाला वाजतेय. हल्ली कामाची माणसं तोंडावर खोटं बोलतात.

१९ जानेवारी, रविवार. संध्या. ८

दुसरा कार्यक्रम. आर्यन नावाचा तरुण कादंबरीकार. पुस्तक वाचणं जमलं नाही. विचारान्ती असं वाटतं की मुलाखतकाराने कोरंच राहावं. वाचलं की प्रश्न शिळे होतात.

मुलगा हुशार, पण तोंडातल्या तोंडात बोलतो. काय करतोस विचारलं, तर म्हणतो, "मी ऐटीत आहे." मी तिथल्या तिथे सुनावलं, "लेखकाने ऐटीत राहू नये, जमिनीवर राहावं." काय हशा पिकला! मागच्या रांगेपर्यंत.

प्रश्नोत्तरांत एक आजोबा म्हणाले, "शंका वाटते जरा." मी म्हणालो, "निःसंकोच विचारा, त्यासाठीच आपण जमलो आहोत." ते पुन्हा तेच म्हणाले. मी पुन्हा धीर दिला. शेवटी ते स्वतः उठले आणि भिंतीवरचा पंखा वाढवून खाली बसले. विचित्र माणूस. शंका विचारलीच नाही.

२० जानेवारी

अरुंधती काल कार्यक्रमाला आली होती. दुपारी जेवताना म्हणाली की तो मुलगा ‘आयटीत आहे’ म्हणाला होता आणि आजोबा ‘पंखा वाढवा जरा’ म्हणत होते. मी सांगितलं, मला माहीत होतं. मुद्दाम केलेली कोटी होती ती. ती म्हणाली, "पंख्याचीपण?"

बायको साहित्यिक कार्यक्रमांना नसलेली बरी.

२९ जानेवारी

कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या. अरुंधती बाजारात गेली होती, तीन झाल्या की गॅस बंद करा म्हणून सांगून गेलेली. डाळ तळाला लागून काळी. एकही शिट्टी झाली नव्हती, मी हॉलमध्येच होतो. शिट्ट्या सात झाल्या हे समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी मोजून सांगितलं. लोकांना उद्योग नाहीत.

३ फेब्रुवारी

पुढचा कार्यक्रम १६ तारखेला. उरणजवळच्या मोऱ्याच्या भीमाबाई. वय बाहत्तर, जन्मभर मासळी विकली. लिहिता येत नाही. त्या सांगत गेल्या आणि नात पूर्वीने लिहून घेतलं. पुस्तकाचं नाव ‘जाल्यातले दिस’. जास्मीनने प्रत हातात दिली, समोर येऊन सावकाश म्हणाली, "अंकल, खुदा के वास्ते हे वाचा."

मग हळूच सुचवलं की आजी फार बारीक आवाजात बोलतात, यावेळी मुलाखत पूर्वीने घेतली तर? तुम्ही प्रस्तावना करा, आभार माना.

मला लागलं. मी म्हणालो, ज्या दिवशी तुझं कोणी नव्हतं त्या दिवशी मी उभा राहिलो. ती खाली बघत पुस्तकं रचत राहिली. नंतर म्हणाली, ठीक आहे. बरोबर बोलली असणार, कारण मानही हलवली.

८ फेब्रुवारी, शनिवार

अरुंधतीने परस्पर कानाच्या डॉक्टरांची साडेअकराची वेळ घेतली. भांडण नको म्हणून निघालो. डॉक्टरांचा जिना चढून दारापर्यंत गेलो. आत बसलेले सगळे म्हातारे. एकाच्या कानात ते मशीन, आणि त्याचा मुलगा त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होता. मागे फिरलो.

वडाळे तलावाच्या कट्ट्यावर दीड तास बसलो. घरी येऊन सांगितलं, सगळं नॉर्मल. थोडा मळ होता, काढला.

अरुंधती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "बरं."

खोटं नाही बोललो. मळ असूच शकतो.

१५ फेब्रुवारी

पुस्तक उशाशी आहे. कव्हर सुंदर. बोलीभाषेत लिहिलंय, सलग वाचायला मूड लागतो. प्रश्न मात्र तयार: मासळीचे प्रकार, कोळी लग्नं, नारळी पौर्णिमा, कालवणाची पाककृती. लोकांना असंच हलकंफुलकं आवडतं.

१६ फेब्रुवारी, रविवार. संध्या. ८.१५

आजवरचा सर्वोत्तम कार्यक्रम. बावीस माणसं, उरणहून आठ-दहा कोळी मंडळी टेम्पो करून आलेली.

भीमाबाई लहानखुऱ्या, अंगठ्याएवढं कुंकू. माईक तोंडाजवळ धरेनात, म्हणून तो माझ्याकडेच ठेवला. मी हसत-खेळत सुरुवात केली. त्या मधे थांबत, जमिनीकडे बघत बरंच बोलल्या. सगळं अक्षरशः कळलं असं नाही, पण अनुभवी माणसाला ओघ कळतो. दर्या, वारा, मग ‘बोटी आल्या’, ‘माझा प्रितेश’, ‘आला’. म्हणजे मुलगा बोट घेऊन परत आला, आनंदाचा प्रसंग. मी खुर्ची पुढे ओढली, आवाज लावला आणि विचारलं, "वा! मग काय आणलं येताना प्रितेशने? पापलेट की सुरमई? एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ देत!" आणि स्वतः टाळ्या वाजवल्या.

पिनड्रॉप सायलेन्स. लोक इतके भारावले होते की टाळी वाजवायचंही भान नाही. भीमाबाईंच्या डोळ्यांत पाणी. मुलाखतकाराला यापेक्षा मोठी पावती कोणती? पूर्वी पहिल्या रांगेतून धावत आली. नमस्कार करेल असं वाटलं, पण भावनेच्या भरात तिने माझ्या हातातून माईकच घेतला. आजीला उठवून घेऊन गेली. कार्यक्रम थोडा लवकर संपला.

अरुंधती आली नव्हती. यायला हवी होती.

१७ फेब्रुवारी

जास्मीनला तीन फोन. उचलले नाहीत. दमली असेल.

१८ फेब्रुवारी. सकाळी १०

जास्मीनचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. जसाच्या तसा उतरवतो:

"अंकल, फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून लिहिते. आजी म्हणाल्या होत्या, सगल्यांच्या बोटी आल्या, माझा प्रितेश आला नाय. तो वादळात गेला. पूर्वी त्याची मुलगी आहे. पुस्तकात सगळं आहे. तुम्ही वाचलं नाहीत ना? यापुढे कार्यक्रम मी बघीन. रागवू नका."

सकाळी १०.३०

माईकचा दोष असणार. स्पीकर माझ्या मागे होता.

दुपारी १

माईक माझ्याच हातात होता. त्या माईकशिवाय बोलत होत्या आणि मागच्या रांगेतल्या बाई डोळे पुसत होत्या. मागच्या रांगेला ऐकू आलं. मी दोन फुटांवर होतो.

१९ फेब्रुवारी

पुस्तक वाचलं. एका बैठकीत, पाच तास. एकशे अठरा पानं. वाचताना एकही शब्द निसटला नाही.

प्रितेशचं प्रकरण सहा पानांचं. अकरा दिवस भीमाबाई मोऱ्याच्या जेटीवर बसल्या. पूर्वी तेव्हा दहा वर्षांची, रोज डबा घेऊन जायची. पोलीस लिहून घ्यायला आले तेव्हा त्यांनी ‘मयत’ लिहू दिलं नाही. म्हणाल्या, नुसतं लिवा, आला नाय.

आणि मी पापलेट विचारलं. टाळ्या मागितल्या.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मोऱ्याला जाऊन आलो. उरणची बस, पुढे रिक्षा. वाटेत माफीचं भाषण तयार केलं, तीन भागांत. शेवटच्या भागात आवाज थोडा दाटून आणायचा असंही ठरवलं होतं. (हे इथे लिहायला लाज वाटते, पण ठरवलं होतं.)

भीमाबाई ओट्यावर सुकट निवडत होत्या. पूर्वीने दारातून पाहिलं आणि आत निघून गेली. मी भाषण सुरू केलं. दुसऱ्या वाक्याला त्यांनी हात वर केला आणि स्वतः काहीतरी बोलायला लागल्या. मी नेहमीप्रमाणे मान हलवली. हो हो म्हणालो. त्या पुन्हा बोलल्या. मी पुन्हा, "हो, अगदी खरं आहे."

पूर्वी बाहेर आली. माझ्यासमोर उभी राहून एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "आजी म्हणाली, तुमच्या डोक्यावर कावळा बसलाय. तुम्ही म्हणालात, अगदी खरं आहे."

मला कुठे बघावं कळेना. सुकटीकडे बघत राहिलो. मग म्हणालो, "मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं." हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून निघालं. तेही बाहेरच्या माणसापुढे. अरुंधतीपुढे नाही.

भीमाबाई उठल्या. माझ्या कानाशी तोंड आणून ओरडल्या, "बहिरा हायस ना तू? मंग तसा सांगाचा ना! माझा घरवाला पन बहिराच व्हता. बोटीच्या इंजिनापाशी बसून बसून कान गेलं. त्याला काय आमी टाकला?"

मी म्हणालो, त्या दिवशी जे सांगितलंत ते मी ऐकलं नाही. मला माफ करा.

त्यांनी पदराला हात पुसले. मग तशाच, कानाशी तोंड लावून, सगळं पुन्हा सांगितलं. वारा कसा फिरला, कोणाची बोट कधी आली, जेटीवर कोण काय म्हणालं. मला ऐकू जावं म्हणून त्यांना ते ओरडून सांगावं लागलं. आपल्या मुलाचं जाणं, अख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. एका ठिकाणी भीमाबाईंना खोकला लागला. पूर्वीने पाणी दिलं. थांबा, मी पुस्तकात वाचलंय, असं म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. म्हणालो नाही. त्या पाणी प्यायल्या आणि पुढे सांगू लागल्या.

निघताना पूर्वी रिक्षापर्यंत आली. माफ केलं असं म्हणाली नाही. तोंड माझ्याकडे करून म्हणाली, "आजी हे पाच वर्षांत एवढ्या मोठ्याने कधी बोलली नव्हती. ती आता दोन दिवस झोपणार नाही."

मी ते नीट ऐकलं.

२३ फेब्रुवारी

अरुंधतीला सांगितलं, मी त्या दिवशी डॉक्टरांकडे गेलोच नव्हतो.

ती म्हणाली, "माहीत आहे. तलावावर बसला होतात. भाजीवालीने पाहिलं." वाटाणे सोलत होती, सोलत राहिली. मग, "मी चार वर्षं ओरडून बोलतेय. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाटतं आपलं रोज भांडण होतं."

मला वाटायचं, हिचा स्वभाव बदलला.

१ मार्च

तपासणी. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. मी अंदाजाने भराभर दाबत होतो. तपासणाऱ्या मुलीने दार उघडून सांगितलं, काका, आत्ता मी काहीच वाजवत नव्हते.

दोन्ही कान. उजवा जास्त. मशीन यायला तीन आठवडे. अरुंधती बाजूलाच बसली होती. डॉक्टरांनी तिच्याशीच बोलायला सुरुवात केली, तेव्हा ती म्हणाली, "यांना सांगा. यांच्याकडे बघून सांगा."

५ मार्च

‘दुसरं पान’मध्ये गेलो. जास्मीनला चिठ्ठी लिहून नेली होती, चार ओळी. भाषण नाही. तिने वाचली, डोळे पुसले, चहा मागवला. मी विचारलं, काही काम असेल तर? तिला संकोच वाटला. मग म्हणाली, रविवारी खुर्च्या मांडायला माणूस लागतो.

मी म्हणालो, खुर्च्या उत्तम मांडतो.

(आजवर एकही मांडलेली नाही. पण त्यात काय अवघड आहे?)

१६ मार्च, रविवार. संध्या. ७.३०

प्रवासवर्णन लिहिणाऱ्या एक बाई होत्या. मुलाखत जास्मीनने घेतली. छोटे प्रश्न विचारत होती आणि मग गप्प बसत होती. एवढं गप्प कसं बसवतं, कळत नाही.

पहिल्या रांगेत खुर्च्या फार जवळ लावल्या. एका गृहस्थांचे गुडघे टेबलाला लागत होते. पुढच्या वेळी मोजून लावीन. एकतीस माणसं आली. माझ्या वेळी कधी एवढी आली नव्हती. मी माझी खुर्ची उशिरा आलेल्या एका जोडप्याला दिली आणि दाराशी उभा राहिलो. पुस्तक आधी वाचलं होतं, त्यामुळे मधूनमधून कळत होतं कुठे पोचल्या ते.

कार्यक्रम संपल्यावर गर्दीतून एक बाई थेट माझ्याकडे आल्या. मी सरळ उभा राहिलो. ओळखलं असणार, आधीच्या कार्यक्रमांमुळे. त्यांनी विचारलं, तुम्ही इथे काम करता का? हे ऐकू आलं. मी हो म्हणालो. त्यांनी आणखी काहीतरी विचारलं.

मी म्हणालो, "मला कमी ऐकू येतं. जरा मोठ्याने सांगता?"

त्यांनी सांगितलं. आजूबाजूच्या दहा-बारा लोकांनी वळून पाहिलं, बाई लाजल्या.

वॉशरूम कुठे आहे, एवढंच होतं.

मागे, डावीकडे. दिवा लावून दिला.