पलीकडचा दोर

बाबा, त्या दिवशी चूक माझी एकट्याची नव्हती, हे मी आजही म्हणणार. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, तरी म्हणणार. सकाळी आईचा फोन आला. तुमच्या जागी इतकी वर्षं किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या काकांचे गुडघे गेलेत. रापणीचा कारभार बघणाऱ्या तांडेलाने निरोप धाडलाय, घरातला माणूस दोराला लागला नाही तर रापणीतला आपला वाटा बंद. घरातला माणूस म्हणजे मी. म्हणून ते जुनं सगळं परत वर आलंय.

किनाऱ्यावर दोन रांगा, दोन दोर, आणि तुमच्या पुढे मी, सोळा वर्षांचा, नववीतून शाळा सोडलेला. जाळं जवळ आलंय, बांगडा उसळताना दिसतोय, हात थांबणार कसा? मी जोर लावला आणि माझं बघून सगळी रांग जोरात ओढायला लागली. तुम्ही चारचौघांत ओरडलात, "मेल्या, ओढतंस कित्याक? पलीकडचो दोर मागे रवलो हा, दिसना नाय?" जाळं तिरकं झालं, अर्धा मासा निघून गेला. मी दोर टाकून माडांत जाऊन बसलो. दुपारी तुम्ही स्वयंपाकघरात माझ्या वाट्याचे बांगडे वेगळे आणून ठेवलेत. दोराला हात लावला त्याला वाटा, हा नियम तुम्ही माझ्यावर रागावूनही मोडला नाहीत. मी ते खाल्ले नाहीत. आई म्हणाली, "बांगड्यांवर कसलो राग रे?" तुम्ही उठून जाळं शिवायला गेलात. तेच जास्त लागलं.

आता मी बंगळुरूत, चौथ्या नोकरीत. एका जागी बूड टेकत नाही म्हणायचात, ते खरंच. वेबसाइटच्या कोपऱ्यात एक चौकट असते. गिऱ्हाईक त्यात लिहितं, दुकानवाला तिथल्या तिथे उत्तर देतो. ती आम्ही चालवतो. पूर्वी ब्राउझरने विचारायचं, सर्व्हरने सांगायचं, की संबंध संपला; नवीन काही आलं का, म्हणून पुन्हा विचारायचं. आता एकदा जोडलेली लाइन उघडीच राहते, दोन्हीकडून केव्हाही बोलता येतं. दर अर्ध्या मिनिटाला सर्व्हर विचारतो, आहेस का? ब्राउझर म्हणतो, आहे. उत्तर आलं नाही की सर्व्हर लाइन तोडतो. हे मी व्हिडिओ बघून आणि शिव्या खाऊन शिकलो.

गेल्या महिन्यात मीच माती खाल्ली. लाइन तुटली की लगेच परत जोड, एवढंच मी ब्राउझरला सांगून ठेवलेलं. सर्व्हर दोन मिनिटं पडला, आणि उठतोय न उठतोय तोच हजारो ब्राउझर एकदम त्याच्यावर तुटून पडले. परत बसला. परत उठवला, परत तेच. आमच्या मॅडम मागे येऊन उभ्या. आणि मला एकदम तुमचं ते ओरडणं आठवलं, पलीकडचा दोर मागे आहे, ओढू नका. मी प्रत्येकाला वेगवेगळा वेळ थांबायला लावलं, कुणी दोन सेकंद, कुणी नऊ. सर्व्हर उभा राहिला. मॅडमनी विचारलं, "हे कुठे शिकलास?" मी म्हणालो, "वाचलं होतं कुठेतरी." दहावी नसलेल्या माणसाला असं म्हणायची फार हौस असते. तुमचं नाव घ्यायला हवं होतं.

आईला हे काम मी एकदा समजावलेलं. तिने बरोबर लक्षात ठेवलंय. सकाळी म्हणाली, "थंय दिसभर त्या मशिनीक 'आसंय, आसंय' सांगतंस. हंय आमका कोण सांगतलो?" मी हसलो, ती नाही हसली.

दमलोय, बाबा. कामाने नाही, कुठेच पुरता नसण्याने. तिकडे आलो तर मला तुमच्याच जागेवर उभं करतील, पुढची पोरं माझ्याकडे बघून ओढतील आणि कधी थांबायचं ते मला कळणार नाही. तांडेल हा काकांचा दोस्त, म्हणून यंदापुरता माझ्या जागी पगारी गडी चालवून घेतो म्हणालाय. पुढच्या साली नाही. आईला मी सांगितलं, रजा मिळत नाही. खरं म्हणजे मी मागितलेलीच नाही. हे वहीतच राहील, तिला वाचून दाखवायची हिंमत नाही. त्या गड्याच्या मोसमभराच्या मजुरीचे चोवीस हजार आईला पाठवतोय.