पास्कोमामांची अस्सल बिल्बो

वाकवली, मामा. टोक मुठीला टेकवलं आणि सोडलं. तलवार सरळ व्हायला तयार होईना.

ती. पास्कोमामांस जॅगोचा नमस्कार. (वाकून करता येत नाही, दोन्ही पाय लोखंडात आहेत.) तुमची कंबर कशी आहे? मामींना विचारपूस केल्याचं सांगा. माझी प्रकृती घोट्यांपर्यंत उत्तम आहे.

झालं असं. कप्तान ट्रेवान नवी तलवार लावून डेकवर आले. म्हणे अस्सल बिल्बो, थेट स्पेनमधल्या बिल्बाओची, तुमच्याच दुकानातून घेतलेली. प्लिमथ बंदरात कुणी असं म्हटलं, की दुसऱ्याने ती वाकवून पाहायची, ही रीत तुम्हांला ठाऊक आहेच. खरी बिल्बो कमानीसारखी वाकते आणि सुटताच सरळ होते. कुणी पुढे होईना, म्हणून मी झालो. (मामाची तलवार, भाच्याने नाही तर कुणी?) आता ती विळ्यासारखी दिसते. कप्तानांनी मला बेडीत घातलं. जहाजावर हिलाही बिल्बोच म्हणतात: एक लांब दांडा आणि त्यात ओवलेल्या कड्या. प्रार्थनेला उभं राहावं लागत नाही, एवढंच हिचं पुण्य. त्याच दांड्यावर शेजारी आचारी डिगरी आहे. (कप्तानांचं डुकराचं मांस त्याने आधी चाखलं, मग संपवलं.) तो कुशीवर वळला की मलाही वळावं लागतं.

"काय रे, तुझ्या मामाच्या तलवारीने लोणी तरी कापतं का?" तो विचारतो.

"उन्हात ठेवलेलं असेल तर कापतं," मी म्हणतो.

जहाज शनिवारी न्यूफाउंडलंडला सुटतं. रविवारी माझं टॅमसिनशी लग्न. कप्तान म्हणतात, खरी तलवार आली तर सोडतो, नाहीतर चल मासे खारवायला.

ता.क. उद्या त्यांचा माणूस बदली तलवार मागायला येईल. तुमच्या हातची देऊ नका. भट्टीवर टांगलेली, जिच्याकडे बघून तुम्ही बाकीच्या घडवता, ती द्या.

आणखी ता.क. बेडीवरही बिल्बाओचा शिक्का आहे, आणि तलवारीवरच्यासारखा तोही उलटा. उलटा तुम्हीच मारता. डिगरीने हिसका दिला, तर त्याचा पाय सरळ कडीबाहेर आला. आम्ही तो परत आत घातला. पळालो तर बेडी तपासतील. केवळ तुमच्यासाठी बसून आहे.

सकाळी: डिगरी झोपेत कडीतून निसटून डेकवर घोरताना सापडला. कप्तानांनी तलवार आणि बेडी शेजारी ठेवून शिक्के पाहिले. होडी तुम्हांला आणायला निघाली आहे. हे पत्र तिच्यातूनच पाठवतो. भट्टीवरची तलवार आणा. घोंगडीही आणा.