कोणता पिकअप घेऊ नये

३ मे
आजपासून शास्त्रशुद्ध सुरुवात. पिकअप घ्यायचा, याच उन्हाळ्यात. ग्लेंडाला तसं सांगितलंही. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, बरं. गेल्या वर्षीही असंच 'बरं' म्हणाली होती, त्याच्या आदल्या वर्षीही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोच्या 'बरं'मागे काय असतं याचा तपास अजून लागलेला नाही.

परिस्थिती अशी. अंगणात आमचा कॅम्पर उभा आहे, चाकांवरचं छोटं घर. मी निवृत्त झालो तेव्हा घेतला. ग्लेंडा नेब्रास्कात जन्मली, इथेच वाढली, इथेच माझ्या गळ्यात पडली. तिने समुद्र पाहिलेला नाही. तिला कॅम्पर घेऊन ओरेगनच्या किनाऱ्यावर जायचंय आणि पाण्यात पाय बुडवून उभं राहायचंय. एवढंच मागणं आहे. माझ्या जुन्या फोर्डला आता कॅम्पर ओढवत नाही. दोष फोर्डचा नाही. विश्वास ठेवावा असा मेकॅनिक जन्मात भेटला नाही, म्हणून तिचं तेल वेळेवर बदललं गेलं नाही.

मला कोणी फसवू शकत नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. मी जन्मभर पीक विम्यात होतो. गारपीट झाली की शेतात जायचं आणि नुकसान खरं की खोटं ते ठरवायचं. मक्याची पानं हातोडीने फाडून गारा पडल्या म्हणून रडणारी माणसं मी पाहिलीत. त्यांच्यापुढे गाडी विकणारे म्हणजे दूधखुळी पोरं.

६ मे
तुलना सुरू.
टोयोटा: मालक तक्रारच करत नाहीत. एकही नाही. इतकी माणसं एका सुरात बोलायला लागली की कोणीतरी आधी बसून ठरवलेलं असतं.
रॅम: आत बसलं की उठवत नाही. पिकअपमध्ये इतका आराम कशाला? माणसाला गाफील करायचा डाव.
फोर्ड: आजोबांपासून आमच्या घरात फोर्डच. पक्षपात नको म्हणून मुद्दाम एक गुण कापला. मग लक्षात आलं, कापणं हाही पक्षपातच. परत दिला. वर एक भरपाईचा.
शेव्ही: ग्लेंडाच्या वडिलांकडे होती. कधी बंद पडली नाही म्हणायचे. पण पडली असती तरी कबूल करणारा तो माणूस नव्हे. लग्नाच्या दिवशी त्यांनी माझी फोर्ड अंगणात लावू दिली नाही. रस्त्यापलीकडे लावून, नव्या बुटांनी चिखल तुडवत मी बोहल्यावर चढलो. तरी शेव्हीला पूर्ण न्याय देणार आहे.

निष्कर्ष: चारही चांगल्या दिसतात. हेच संशयास्पद आहे.

११ मे
हार्लनकडे गेलो. त्याच्या आवारात चारही कंपन्यांचे थोडेफार वापरलेले पिकअप असतात. मी टॉर्च घेऊन प्रत्येकाखाली शिरलो. गंज नाही, ठोकाठोक नाही, रंगाखाली लांबी भरून बुजवलेला खळगा नाही. इतकं स्वच्छ कोणी उगाच ठेवत नाही. हार्लन वाकून म्हणाला, एल्डन, मुक्कामच करणार असशील तर उशी आणून देतो.

बाहेर आलो तर ग्लेंडा एका निळ्या शेव्हीत चाकामागे बसलेली. सीट पुढे ओढून, आरसा नीट करून. म्हणाली, हा घेऊ या. मी समजावलं की गाड्या अशा पाहताक्षणी घेत नसतात. म्हणाली, तुला तर पाहताक्षणीच घेतलं होतं. हार्लन हसला. तिला त्याने कॉफी दिली, मला नाही. दोघं सामील आहेत का, यावर लक्ष ठेवणार.

१९ मे
सकाळी दाढी करताना सुचलं. गारपिटीचा सेल!

आमच्याकडे दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे गारा पडतात आणि विक्रेत्याच्या आवारातल्या गाड्यांना पोचे येतात. मग तो त्या पडत्या भावात काढतो. इंजिन तेच, गिअर तेच, फक्त टपावर खळगे. भरवसा पूर्ण, किंमत उतरलेली. आणि गारा कधी पडणार हे अख्ख्या तालुक्यात माझ्याइतकं कोणाला कळतं? जूनचा दुसरा आठवडा. तोवर गप्प बसायचं. अवाक्षर काढायचं नाही.

ग्लेंडाला सांगावं लागलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, चार जुलैच्या आत निघायचं. नाहीतर मी माझी जाईन. म्हटलं, कशात बसून? म्हणाली, ते मी बघते. पोकळ धमकी. पिकअप तर नाहीच, आणि कॅम्पर मागे घ्यायला तिला कुठे येतो?

२८ मे
ग्लेंडा रोज दुपारी शेजारच्या ओपलकडे जाते. ओपल विधवा आहे, आणि तिच्या नवऱ्याची अवजारांची मोठी शेड रिकामीच असते. विचारलं तर म्हणते, आम्ही रजई शिवतोय. पण हाताला दोरा नाही, वंगणाचा वास येतो. आज मुद्दाम तिकडून चालत गेलो. ओपलच्या शेतात नारिंगी शंकू दोन रांगांत मांडलेले. ओपलने नवा कुत्रा आणला असावा, त्याला शिकवत असेल. मग वंगण कशाचं? दोघी मिळून पत्ते खेळतात असा माझा अंदाज. तिच्या 'बरं'बरोबर हाही तपास चालू.

४ जून
पोस्टातून येताना समोरून निळी शेव्ही गेली. चालवणाऱ्याने स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली. आपल्याकडे रस्त्यात कोणी भेटलं की बोटं उचलायची रीत आहे, मान्य. पण मी गाडी ओळखल्याशिवाय बोटं उचलत नाही. आधी गाडी, मग माणूस. त्यामुळे आत कोण होतं ते पाहिलं नाही. गाडी बरी चालत होती, आवाज नाही. आवाज दाबण्यासाठी काहीतरी भरलं असेल.

संध्याकाळी ग्लेंडाने ताट जरा जोरातच ठेवलं. मका करपला होता.

९ जून
येणाऱ्या पिकअपसाठी गॅरेज रिकामं केलं. जुनी फोर्ड बाहेर काढून अंगणात उघड्यावर लावली. टेपने मापं घेतली. हल्लीचे पिकअप इतके लांब की आमच्या गॅरेजचं दार लागणार नाही. कंपन्या आणि गॅरेज बांधणारे यांचं काहीतरी साटंलोटं असणार. मागची फळी काढली, रंगाचे डबे बाहेर काढले. ग्लेंडाला म्हटलं, बघ, तयारी कशी करतात. ती खिडकीतून रिकाम्या गॅरेजकडे बराच वेळ बघत होती. माझ्या नियोजनाचं कौतुक वाटलं असावं.

१२ जून, सकाळ
हवा जड. दक्षिणेचा वारा. उद्या संध्याकाळी पडणार, लिहून देतो.

१२ जून, दुपार
धान्याच्या उंच कोठाराशेजारच्या कॅफेत गेलो होतो. कोणाला काही बोललो नाही. फक्त तिथे बसलेला बर्ट म्हणाला, या वर्षी काही गारा पडत नाहीत. आता इतका अडाणीपणा ऐकून गप्प बसणं म्हणजे माझ्या पेशाचा अपमान. मग वाऱ्यापासून सुरुवात करून ढगाची उंची, गारेचा आकार, कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला पडणार, सगळं रुमालावर काढून समजावलं. माणसं उठून माझ्या टेबलाभोवती आली. हार्लनही होता. मन लावून ऐकत होता. मग ताटलीतली अर्धी पाई तशीच टाकून उठला आणि घाईघाईने गेला. इथली आंबटगोड रुबार्बची पाई टाकून कोणी जात नाही. पोट बिघडलं असावं.

१३ जून, संध्याकाळ
पडल्या. जिथे म्हटलं तिथे. अक्रोडाएवढ्या. आयुष्यात इतका बरोबर मी कधीच नव्हतो. अंगणात माझी फोर्ड ढोल बडवावा तशी वाजत होती, पण मला त्यात हार्लनचं आवार ऐकू येत होतं. ग्लेंडाला म्हटलं, उद्या तुझा पिकअप. ती खिडकीतून ओपलच्या शेडकडे बघत होती. म्हणाली, पत्रा मजबूत आहे ना तिचा? स्वतःच्या घराचं सोडून लोकांच्या शेडची काळजी.

१४ जून
हार्लनचं आवार रिकामं. एक गाडी नाही. सगळ्या त्याने रातोरात जत्रेच्या मैदानावर, गुरांच्या प्रदर्शनाच्या शेडमध्ये नेऊन ठेवलेल्या. एकीवरही पोचा नाही. मला पाहताच धावत आला, हात हातात घेतला आणि म्हणाला, एल्डन, तू होतास म्हणून वाचलो रे. एक टोपी दिली. टोपी बरी आहे.

निळी शेव्ही दिसली नाही. विचारलं तर म्हणाला, ती मेमध्येच गेली. कोणाला? म्हणाला, गिऱ्हाईकाने सांगू नको म्हटलंय. म्हणजे गिऱ्हाईकाला लाज वाटते. जी गाडी घेतल्याची लाज वाटते तिच्यात काहीतरी असणारच. ग्लेंडाला मी वेळीच अडवलं हे बरं झालं.

घरी येऊन माझ्या फोर्डची पाहणी केली. टपाला पोचे, काच फुटलेली. इतक्या वर्षांची सवय, मालकाचे हेतू तपासले. गारपिटीची पूर्ण कल्पना असूनही गाडी मुद्दाम उघड्यावर लावली. दावा नामंजूर.

२६ जून
तुलना पहिल्यापासून करतोय. घाईत राहून गेलेले मुद्दे बरेच आहेत. ग्लेंडाला सांगितलं की पुढच्या वर्षी मेमध्येच हार्लनला गाफील गाठायचं. ती भांडी पुसत होती. काही म्हणाली नाही. 'बरं'सुद्धा नाही.

२ जुलै, सकाळ
कॅम्पर चोरीला गेला. अंगणात पिवळ्या गवताचा चौकोन. शेरीफला फोन लावायला आत गेलो.

२ जुलै, थोड्या वेळाने
चोरी नाही. फाटकाशी निळी शेव्ही उभी होती, मागे आमचा कॅम्पर जोडलेला, चाकामागे ग्लेंडा, शेजारी उन्हाची टोपी घातलेली ओपल. ग्लेंडा म्हणाली, तुझी बॅग भरलीय, मागची सीट तुझी, चल. पिकअप तिने मेमध्येच घेतला होता, आईकडून आलेल्या पैशातून, आणि ओपलच्या शेडमध्ये ठेवला होता. म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, रस्त्यात बोटं उचलली, तू ओळख दाखवली नाहीस.

म्हटलं, येतो की. पण तपासल्याशिवाय मी कोणत्याही गाडीत बसत नाही, तुला माहीत आहे. टॉर्च घेऊन खाली शिरलो. ती थांबली. बरीच थांबली. ओपल काहीतरी गुणगुणत होती. मग ग्लेंडा खाली उतरली, गुडघ्यांवर बसली, वाकून माझ्याकडे बघत म्हणाली, एल्डन, बाहेर ये, उन्हं चढतायत. म्हटलं, मागच्या चाकांच्या आसाचं अजून राहिलंय, शिवाय ही चारांपैकी एकच, बाकी तिघींशी ताडून पाहिल्याशिवाय मी कसा काय येऊ? तिने माझा हात धरून मला बाहेर ओढलं, शर्टावरची माती झाडली, गालावर हात ठेवला आणि गाडीत बसली.

कॅम्पर तिने फाटकातून एका दमात मागे घेतला. एकदाही खांबाला लागला नाही. हे तिला कोणी शिकवलं?

न जाण्याचा निर्णय माझा आहे. घरी कोणीतरी हवंच.

५ जुलै
फोन नाही. म्हणजे वायोमिंगच्या चढावर बंद पडली असणार. ओढायची साखळी काढून दाराशी ठेवली. बीन्सचा डबा गरम करून उभ्यानेच खाल्ला. घरात फ्रिजचा आवाज इतका मोठा असतो हे माहीत नव्हतं. करमत नाही.

९ जुलै
दुपारी फोन आला. ग्लेंडाच. मी विचारायच्या आधीच म्हणाली, ऐक. आणि फोन लांब धरला. आतून घरघर येत होती. वाढायची, थांबायची, पुन्हा वाढायची. मी क्षणात ओळखलं. ओरडून सांगितलं, पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय, गाडी बाजूला घे, इंजिन बंद कर.

म्हणाली, इंजिन बंदच आहे.

घरघर चालूच. लांबून ओपलची किंकाळी आली आणि हसणं. ग्लेंडा म्हणाली, समुद्र आहे तो, एल्डन. गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी आहे मी. खूप गार आहे.

तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला तिथे असायला हवं होतं. विचारलं, परत कधी येतेस? म्हणाली, किनारा खाली कॅलिफोर्नियापर्यंत जातो म्हणे, बघू. मग तिने पुन्हा फोन लांब धरला, आणि मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत राहिलो.

मायलेज विचारायचं राहून गेलं.