बसवलेलं रीडिंग

बाबा,

उद्या माझ्या कॉलेजात बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा आहे. पोरांची जर्नलं तपासायला बसले होते, पण त्याआधी लाखनीच्या घरून आणलेली तुमची बीपीची वही उघडली. तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. रडून झालंय. आता मला तुमच्याशी भांडायचं आहे.

भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्या वर्षी मी तुमच्याच वर्गात होते, आठवतं? तुम्ही फळ्यावर निसर्गातली चार मूलभूत बलं लिहिलीत आणि क्षीण बलापाशी थांबलात. अणूच्या गर्भातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा ऊर्जा कमी भरत होती, भलेभले चक्रावले होते, असं सांगितलंत. "पण कोणी रीडिंग खोडलं नाही. म्हणून तं थे कमी पडलेली ऊर्जा नेणारा कण, न्यूट्रिनो, सापडला, पोट्टेहो!" केवढा अभिमान वाटला होता मला तुमचा!

आणि त्याच दुपारी प्रयोगशाळेत काय केलंत? लंबकावरून माझं गुरुत्वाकर्षणाचं उत्तर नऊशे ऐंशीच्या जागी नऊशे तीस आलं. तुम्ही खोडरबर पुढे केलंत. "उत्तरावरून मांगं जाय आन् रीडिंग बसव. बाहेरचा सर उत्तर पाहाते वं, लंबक कसा झुलला ते नाही पाहात."

मी बसवलं. पैकीच्या पैकी मार्क मिळाले. पुढे भंडाऱ्याला शिकवायला लागले तेव्हा मीही पोरांपुढे तेच खोडरबर सरकवत आले.

बीपीचं मशीन मीच आणून दिलं होतं ना? रोज सकाळी मोजायचं, वहीत लिहायचं, मला फोनवर सांगायचं. एकशे तीस-ऐंशी. एकशे अठ्ठावीस-ऐंशी. "मले काही नाही झालं. तू कायले धावत येऊन राहिली?" एसटीनं पाऊण तासाचा तर रस्ता, बाबा! मी आले असते. डॉक्टरकडे ओढत नेलं असतं. तुमच्या डोक्यातली नस फुटेपर्यंत वाट पाहिली नसती.

आज वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेली खरी रीडिंग्ज सापडली. एकशे नव्वद. दोनशे. पुन्हा दोनशे. कच्चं मागे, पक्कं पुढे, अगदी जर्नलसारखं! कोणासाठी बसवत होतात? मी काय बाहेरून आलेली परीक्षक होते? संताप होतो नुसता.

पण तुमच्यावर ओरडून माझी सुटका नाही. दरवर्षी मी ढीगभर जर्नलं तपासते. बसवलेलं रीडिंग मला लांबूनच ओळखू येतं, कारण ते फार सरळ असतं. तुमचंही तसंच होतं. महिनाभर एकशे तीसच्या आसपास, एक दिवस वर-खाली नाही. मला उत्तर आवडलं, म्हणून मी पुढे पाहिलंच नाही.

उद्या ज्या पोरीचं उत्तर नऊशे तीस येईल तिला मी खोडरबर देणार नाही. शेजारी बसेन, दोरा पुन्हा मोजू, लंबक पुन्हा झुलवू. तरी तेच आलं तर तेच लिहायला लावीन आणि त्याच्याखाली सही करीन.

तुमची पोरगी आणि विद्यार्थिनी,
शीला