एका तासाचे दोन चोर

होऊ घातलेल्या विहीणबाई उलबाला यांना कुल्जिपाची लांबूनच गळामिठी.

माणसं बरी? जनावरं बरी? (तुमच्या लेकीकडे जनावरं नाहीत हे मला ठाऊक आहे, सेमेईत चौथ्या मजल्यावर गाय कोण चढवणार, पण विचारल्याशिवाय पुढचं बोलायला माझी जीभ उचलत नाही.) तुमचा गुडघा काय म्हणतो? तुमची नात तोग्झान नीट जेवते का? रोज्याच्या दिवसांत पोरींना बारीक व्हायचा सोस असतो. तिला सांगा, माझ्या नातवाला, येलनारला, काडीशी संसार करायचा नाही. इकडे सगळं छान आहे. बर्फ निम्मं वितळलं, म्हणजे अंगण निम्मं चिखलात गेलं. माझी लाल गाय व्याली, पाडी झाली. मानशुकने सकाळी बाउरसाक, म्हणजे पिठाचे गोळे, तळले, त्यातले अर्धे कच्चे आहेत. (सूनबाई, थांबलीस का? लिही. खरं तेच सांगतेय.)

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुमच्या मनात आलं असेल. फोन केला, विहीणबाई, बरेचदा केला. माझं नाव दिसलं की तुम्ही तो उशीखाली ठेवता. पत्राचं तसं नाही. पाकीट हातात आलं की ते फोडल्याशिवाय तुम्हाला घास उतरणार नाही, इतकी मी तुम्हाला लहानपणापासून ओळखते. मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगतेय आणि मानशुक लिहितेय. ती मध्ये काय घालते आणि काय गाळते ते तिचं तिला माहीत.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही रागावून गेलात ती अर्धी गोष्ट घेऊन. उरलेली अर्धी इथे घडली. ती सांगायची तर पहिलीचीही थोडी उजळणी हवी, कारण रागात माणूस सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतं.

मार्चच्या पहिल्या तारखेला सरकारने सगळ्या देशाला एकच वेळ लावली आणि आपल्या भागाची घड्याळं एक तास मागे घ्यायला लावली. सगळ्यांनी घेतली. तुमचे यजमान स्मागुल मात्र दुकानासमोर उभे राहून म्हणाले, "अस्तानाच्या सरकारला माझा तास हवा असेल तर त्यांनी येऊन तो माझ्या मनगटावरून काढून न्यावा!" तेव्हापासून गावात दोन वेळा चालू झाल्या, एक नवी आणि एक स्मागुलची. कुणाला चहाला बोलवायचं तर आधी कुठल्या वेळेने ते ठरवावं लागे, आणि काही मंडळी (नावं घेत नाही, आपण दोघी त्यात होतो) दोन्ही वेळांना जाऊन चहा पिऊन येत.

मशिदीत जो कॉम्प्युटर आहे, वेळ झाली की भोंग्यावरून आपोआप अजान देणारा, तो आमच्या येलनारने बसवलेला. शाळेत तो पोरांना तेच शिकवतो. त्याने त्या यंत्राचंही घड्याळ स्वतःच्या हाताने एक तास मागे घेतलं. काही दिवसांनी बघतो तर ते पुन्हा तासभर पुढे. पुन्हा मागे घेतलं. कुणाचा तरी हात लागला असेल म्हणाला आणि विसरला. मग रोजे सुरू झाले आणि तो धुक्याचा दिवस आला. समोरचा डोंगर दिसत नव्हता, सूर्याचा पत्ता नव्हता, आणि भोंगा बोलला. सगळ्या गावाने रोजा सोडला. मीही खजूर तोंडात टाकला, चहा ओतला, आणि तेवढ्यात धुकं फाटून सूर्य दिसला. डोंगराच्या डोक्यावर चांगला हातभर वर! माझ्याकडेच बघत होता. त्या खजुराचं पुढे मी काय केलं ते इमामसाहेबांनाही सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

सगळ्या गावाचा रोजा बुडाला. तो दिवस ईदनंतर सगळ्यांनी पुन्हा धरायचा, असं इमामसाहेब म्हणाले. उपाशी माणसाला राग आला की त्याला चोर लागतोच. यंत्र बरोबर जुन्या वेळेवर गेलं होतं. जुनी वेळ कुणाची? स्मागुलची. मशिदीची शेगडी कोण पेटवतं, किल्ली कुणाकडे असते? स्मागुलकडे. दुपारी त्या यंत्राशेजारी पाठ शेकत कोण बसतं? झालं. लोकांनी विचारलं तर भला माणूस "नाही" म्हणेल की नाही? ते म्हणाले, "ज्याला जे वाटायचं ते वाटू दे." तुम्ही विचारलंत, तर म्हणाले, "इतकी वर्षं संसार करून तू मला हे विचारतेस?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. तुम्ही गाठोडं बांधलंत, तोग्झानला उठवलंत आणि दारातून सांगितलंत की यांनी सगळ्यांसमोर कबूल केल्याशिवाय तुम्ही परत येणार नाही, आणि आजोबाच चोर असतील तर पोरीने कोणत्या तोंडाने त्या घरी नांदायला जावं, लग्न ठरलं तेव्हा मानशुकने तिच्या कानांत घातलेली कर्णफुलं परत पाठवते. (हे लिहिताना मानशुकने पेन खाली ठेवलं. कर्णफुलं तिच्या आईची आहेत.)

येलनारने त्या दिवसापासून जेवण टाकलं म्हणावं तर रोजेच चालू, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. पोरगा मशिदीतून हलेना. त्याचं म्हणणं, आजोबांनी केलं असेल तर कळू दे आणि नसेल तर तेही कळू दे. त्याने त्या यंत्राला काहीतरी हुकूम दिला, त्याला डीबग लॉग म्हणतात. म्हणजे असं की यंत्राने वेळेबाबत जे जे केलं ते ते स्वतःच लिहून ठेवायचं: कधी विचारलं, कुणाला विचारलं, काय उत्तर आलं, मग काय केलं. मी त्याला चहाडी म्हणते. यंत्र स्वतःचीच चहाडी करतं, विहीणबाई! असं माणसांचं असतं तर गावात कुणाला कुणाच्या घरी जायची गरज उरली नसती.

दोन दिवसांनी तो कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्यापाशी येऊन बसला. चेहरा भिजल्या लोकरी नमद्यासारखा. मी म्हटलं, वाच. त्यात सगळे आकडेच होते, ते त्याने मला माणसांच्या भाषेत सांगितले. ते यंत्र लांब कुठेतरी असलेल्या एका मोठ्या घड्याळाला मधूनमधून विचारत असतं, "माझं बरोबर आहे ना?" (आमची मानशुक नवी नवरी असताना मीठ किती घालू ते आईला फोन करून विचारायची, तसं.) चहाडीत लिहिलं होतं: विचारलं, उत्तर आलं की तू एक तास मागे आहेस, बरं म्हणून एक तास पुढे झालो. मग येलनारने मागे घेतलं. मग पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा पुढे. पानंच्या पानं हेच. तिसऱ्या कुणाचा हात नाही.

मी म्हटलं, मग ते लांबचं घड्याळच खोटारडं आहे! तर म्हणाला, "नाही आजी. जगाचं मूळ घड्याळ एकच, त्यात प्रत्येक मुलखाने आपापला वाटा मिळवायचा. आपला वाटा सहा तासांचा होता, तो आता पाच झाला. ते या यंत्राला कुणी सांगितलंच नाही. ते बिचारं जुन्या हिशेबाने सहाच मिळवत बसलं. वाटा बदलायचा सोडून मी काटे ओढत राहिलो. मी चुकवायचो आणि ते इमानाने सुधारायचं." कागदांची घडी घातली आणि म्हणाला, "चोर मीच आहे, आजी."

मी म्हटलं, जुम्म्याला मशिदीत उभा राहा आणि सांग. "शाळेतली पोरं हसतील ना!" म्हणाला. हसू देत की. कर्णफुलं परत आली तर रडणार कोण आहे?

जुम्म्याला नमाज झाली. आम्ही बायका पडद्याआड. येलनार कागद घेऊन उठला, घसा साफ केला, आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला, "थांब रे पोरा. मला बोलायचंय. ते घड्याळ मी फिरवलं."

स्मागुल! पडद्याआड माझ्या हातातली जपमाळ पडली.

येलनार म्हणाला, "आजोबा, तुम्ही नाही फिरवलंत. मी फिरवलं."

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस. मी म्हणतो ना, मी फिरवलं!"

"कसं फिरवलंत? कुठे दाबलंत?"

"बटण दाबलं."

"कुठलं?"

"मोठं!"

"आजोबा, तो दिवा लावायचा खटका आहे."

लोक हसायला लागले. इमामसाहेबांना कळेना कुणाला रागवायचं. आजवर त्यांच्याकडे भांडणं आली ती मी नाही केलं, याने केलं, अशी. ते माझं आहे, त्याला देऊ नका, असं पहिल्यांदाच आलं. येलनारने मग सगळी चहाडी मोठ्याने वाचली, विचारलं-सांगितलं-पुढे झालो, आणि आपली चूकही सांगितली, एक शब्द न लपवता. वाचून होईपर्यंत पाठीमागचे दोन म्हातारे झोपले, बाकीच्यांना पटलं. इमामसाहेब स्मागुलकडे वळून म्हणाले, "अहो, रोज्यात खोटं बोललात?" तर हे म्हणतात, "मग हाही रोजा पुन्हा धरीन. तुमचं काय जातंय?"

येलनारने यंत्राला नवा वाटा सांगितला. आता त्याच्या चहाडीत एवढंच येतं: विचारलं, ठीक आहे म्हणाले, गप्प बसलो. गावाने स्मागुलची माफी मागितली. ती त्यांनी जुन्या वेळेने स्वीकारली. पोरं शाळेत दोन दिवस हसली आणि तिसऱ्या दिवशी त्यांना दुसरं काहीतरी मिळालं.

तर एवढंच कळवायचं होतं. तुम्हाला बोलावण्यासाठी हे पत्र नाही, गैरसमज नसावा. लेकीकडे निवांत राहा, ईद तिकडेच करा, हवं तर गवत उगवेपर्यंत राहा. इथे तुमच्यावाचून कुणाचं अडत नाही. स्मागुलांची तब्येत उत्तम, अंगाने भरलेत असंही वाटतं. तोग्झानच्या कपाळाचा माझ्याकडून एक मुका घ्या.

तुमची, अजून तरी होऊ घातलेलीच, विहीण
कुल्जिपा

ता. क. सेमेईच्या बाजारात तो जाड दाण्याचा चहा मिळतो, तो आणा. पाठवू नका, आणा.

ता. क. दोन. भरलेत असं मी वर म्हटलं ते तीन स्वेटर एकावर एक घातल्यामुळे. त्यांना तुमच्या चुलीला जाळ लावता येत नाही. मशिदीची शेगडी पेटवतात, घरची नाही. रोज आमच्याकडे येतात, सूर्य बुडाला की मटणाचा सोर्पा पितात, आणि "ती यापेक्षा खारट करते" म्हणतात. मानशुक कधीतरी वाटी डोक्यात घालील.

ता. क. तीन. आता विहीणबाई पुरे. उलबाला, ऐक. मशिदीबाहेर ते बूट चढवत होते तेव्हा मी त्यांना गाठलं. म्हटलं, न केलेलं कबूल कशाला करता, म्हातारपणी डोकं फिरलं का? बुटाकडे बघत म्हणाले, "ती म्हणाली होती, कबूल केल्याशिवाय येणार नाही. केलं कबूल. आता येऊ दे." हे तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातलीय, कारण तुला कळलं तर जन्मभर तू त्यांना जगू देणार नाहीस. शपथ माझ्या तोंडाला आहे. लिहिलंय मानशुकने.

ता. क. चार. तोग्झानला घेऊन सकाळच्या बसने ये. ती बस इथे नव्या वेळेने पोचते की जुन्या, ते विचारत बसू नकोस. स्मागुल दोन्ही वेळांना थांब्यावर जाऊन उभे राहतात.