शेवटच्या खोलीतल्या चिठ्ठ्या

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

थोरलीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. शाळेची पोरं घेऊन आमचं संग्रहालय बघायला आलीस ती नेमकी माझ्या सुट्टीच्या दिवशी. मास्तरीण झालीस, पण बहिणीची सुट्टी कधी असते ते काही तुझं पाठ झालं नाही.

बाकीच्या खोल्यांत नुसतं 'हात लावू नका' म्हणायचं असतं. निरनिराळ्या लोकांची भांडी, पाळणे, टोप्या, आणि स्वातंत्र्यापायी तुरुंगात गेले त्यांच्या बेड्या. माझी खोली शेवटची. तिथे भिंतीवर मोठा फळा, वर प्रश्न लिहिलाय: 'मला कशाची मोकळीक हवी?' सहलीची पोरं चिठ्ठ्या लिहितात, मी टाचण्या देते. फळा भरला की साहेब निवड करतात. या खेपेला त्यांना घाई होती, शनिवारी पाहुणे यायचेत. मला म्हणाले, चांगल्या ठेव, बाकीच्या काढ.

मग मी बसले बोट ठेवून वाचत. माझं वाचन तुला माहीत आहे, एका ओळीला एक चहा लागतो. पण ऐक तर खरं. त्रेचाळीस चिठ्ठ्यांवर एकच वाक्य! 'मला देशसेवा करण्याचे स्वातंत्र्य हवे.' समास सोडून, टिंबासकट. अगं, माणसं शंभर तऱ्हेची असतात हे सांगायला एवढी इमारत बांधली, आणि त्रेचाळीस पोरं एका साच्यातली? कुठल्या तरी दमदाटीवाल्या बाईचं काम, दुसरं काय! सगळ्या टोपलीत टाकल्या. वाकड्यातिकड्या सात ठेवल्या. एकाला दिवा न विझवता झोपायचंय, एकीला मोठ्या बहिणीचे जुने कपडे नकोत. त्या बिचारीची दया आली, कारण तशी एक मी घरात पाहिलीय.

लोभ आहे तो आहेच, तू पत्र तेवढं लांबलचक लिही.

तुझी थोरली

ता. १० फेब्रुवारी

ती. ताईस,

रागावलेल्या धाकटीचा नमस्कार. वि. वि. तुझं पत्र काल मिळालं. ती दमदाटीवाली बाई म्हणजे मी.

आणि शनिवारचे पाहुणे म्हणजे आमचे मोठे सर आणि शाळेची समिती. सर सगळ्यांना घेऊन फळ्यापाशी गेले, आमच्या मुलांचं अक्षर बघा म्हणाले, आणि आमची एकही चिठ्ठी नाही! मला तोंड कुठे लपवू असं झालं. काल त्यांनी सांगून टाकलं की दुसऱ्या तुकडीची सहल रद्द. बेचाळीस मुलं आहेत, ताई. घरचं कोणी त्यांना असल्या ठिकाणी नेईल असं नाही. दोन वेण्यांची एक रोज विचारते, बाई, अठ्ठावीस तारखेला किती दिवस राहिले? तिला काय सांगू?

वाक्य मी वर्गातल्या फळ्यावर लिहून दिलं, का ते विचार. गेल्या वर्षी एकाने 'मोठ्या सरांनी ओरडू नये' असं लिहिलं आणि महिनाभर मी बोलणी खाल्ली. तुला स्टुलावर बसून निवाडे करायला काय जातं? धड वाचता येत नाही आणि चांगलं-वाईट ठरवायला निघालीस!

उत्तर पाठव, शहाणपणा नको.

धाकटी

ता. १६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद पाठवतेय, घ्यायचे तर घे.

वाचता येत नाही हे खरं. शाळेत फळ्यावरचं नुसतं उतरवत राहिले, म्हणून तर चौथीच्या पुढे गेले नाही. उतरवलेलं मला लांबूनही ओळखू येतं. पण कोणाच्या आहेत हे न विचारता टाकल्या, ही चूक माझी. ती निस्तरायला काल सुट्टीच्या दिवशी गणवेश चढवला, दोन तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली आणि तुझ्या मोठ्या सरांसमोर जाऊन उभी राहिले. तुला आधी कळवलं असतं तर तू पाय धरून अडवलं असतंस.

म्हटलं, चिठ्ठ्या मी फेकल्या, तुमच्या बाईंचा दोष नाही, पोरांचा तर नाहीच. त्यांनी विचारलं, आपण कोण? म्हटलं, शेवटच्या खोलीत टाचण्या देते ती. मग म्हणाले, मुलं वाटेल ते लिहितात, शाळेची अब्रू जाते. मी म्हटलं, सर, पाच वर्षं चिठ्ठ्या बघतेय. वेडंवाकडं वाचून कुठल्या शाळेला कोणी हसलेलं पाहिलं नाही. त्रेचाळीस सारख्या पाहून मात्र मला तुमच्या शाळेची कीव आली. लालबुंद झाले. शिपाई पाण्याचा पेला घेऊन दारातच थिजला. मी खुर्ची ओढली आणि सांगितलं, दिवसभर मोकळी आहे, तुम्ही विचार करा सावकाश.

तासाभराने म्हणाले, होऊ दे सहल. पण मी बरोबर येणार, आणि मी वाचल्याशिवाय एकही चिठ्ठी फळ्यावर लागणार नाही. म्हटलं, या की.

तेव्हा मुकाट्याने पोरं आण. आणि काय लिहायचं ते एका अक्षराने जरी सांगितलंस तर गाठ माझ्याशी आहे.

भीती सोड, लोभ धर.

थोरली

ता. २ मार्च

ती. ताईस,

धाकटीचा मनापासून नमस्कार. वि. वि. त्या खोलीत जे झालं ते तुझ्यासमोरच झालं. सर एकेक चिठ्ठी वाचतायत, तू टाचण्यांची डबी पुढे करून खांबासारखी उभी, मी दाराशी घाम पुसतेय. अकरा चिठ्ठ्यांवर एकच गोष्ट निघाली तेव्हा तू माझ्यावर डोळे वटारलेस. शप्पथ सांगते, मी अक्षर बोलले नव्हते. एकाने 'तासाला शू लागली तर जाता यावे' लिहिलं. एकाने लिहिलं, 'मी शाळेत पाणी पीत नाही.' दोन वेण्यांच्या पोरीने नुसतं कुलपाचं चित्र काढलं होतं.

मुलं तासाला हुंदडतात म्हणून मुतारीला ते कुलूप सरांनीच घातलेलं. मधल्या सुट्टीपर्यंत किल्ली त्यांच्या टेबलात. आणि चार वर्षं 'थांब जरा, सुट्टी होईल आता' असं रोज म्हणणारी मी.

सर म्हणाले, या बाजूला राहू द्या. तू काही डबी मागे घेतली नाहीस. शेवटी त्यांनी एकच टाचली, कुलपाची. बाकीच्या दहा खिशात घातल्या. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही.

काल सकाळी प्रार्थनेआधी शिपायाने कुलूप काढून नेलं. सूचना नाही, भाषण नाही. तिसऱ्या तासाला भागाकार चालू होता. दोन वेण्यांची उठली. सवयीने बोट वर केलं, मग खाली घेतलं, आणि न विचारता गेली. सगळा वर्ग दाराकडे बघत बसला. ती आली, ओले हात फ्रॉकला पुसले, जागेवर बसली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी पुढचं गणित घातलं.

तुझा लोभ असाच तिखट राहू दे.

तुझी धाकटी